पिशवीच्या तळाशी

२ जानेवारी, गुरुवार

कंपनीने पाठवलेल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात टाय लावलेला एक तरुण सांगत होता, की रोज थोडा वेळ मनातलं लिहून काढा, निर्णय स्वच्छ होतात. मला त्याच्याच निर्णयांची काळजी वाटली, कारण जेवणानंतर दिवे मालवून त्याने फिल्म लावली आणि अर्धा वर्ग घोरायला लागला. पण ही जाड वही कंपनीने फुकट दिलीय, टाकवत नाही. तर लिहिते.

मी मूळची पेशींची बाई. काही मुलांच्या शरीरात एक प्रथिन तयारच होत नाही. स्नायू हळूहळू ढिले पडतात, आधी पळणं जातं, मग चढणं, मग चालणं. ते प्रथिन आम्ही पेशींकडून बनवून घेतो. माझ्या प्रयोगशाळेत, लहान भांड्यांत, हे काम अनेक वर्षं सुरळीत चाललं. मग कंपनीने मोठा प्लँट बांधला, मोठी टाकी आणली, आणि मला बढती देऊन प्लँटची प्रमुख केलं. बढती म्हणजे काय, तर हातातलं काम काढून घेऊन डोक्यावर माणसं बसवायची.

सरकारी नियम असा, की मोठ्या टाकीत ओळीने तीन बॅच लिहिलेल्या पद्धतीप्रमाणे नीट निघाल्या पाहिजेत, तर औषधाला परवानगी. पहिली बॅच डिसेंबरात मेली. पाच दिवस पेशी मजेत होत्या, सहाव्या दिवशी त्यांनी माना टाकल्या. पद्धत माझी, पेशी त्याच, टाकी नवीकोरी. नेमकं कुठे घोडं पेंड खातंय ते कळत नाही.

हे औषध सध्या चाचणीतल्या मोजक्या मुलांना हॉस्पिटलात मिळतं, माझ्या जुन्या प्रयोगशाळेत बनलेल्या साठ्यातून. प्रयोगशाळा मोडून सगळं सामान प्लँटवर आणल्यामुळे आता तो साठा संपला की संपला. त्या मुलांपैकी एक माझ्या ताईची मुलगी. नऊ वर्षांची आहे, आम्ही तिला खारूताई म्हणतो. औषध सुरू झाल्यावर ती पहिल्यांदा जिना चढली, तेव्हापासून हे नाव.

६ जानेवारी, सोमवार

प्रशिक्षणातून आणलेली पाटी आज केबिनमध्ये लावली. ‘अडचण घेऊन येऊ नका. उत्तर घेऊन या.’ घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो कुंडीतली माती उकरता उकरता म्हणाला, “दवाखान्यात पण लावायला हवी. आजार घेऊन येऊ नका, बरे होऊन या.” बँकेतून लवकर निवृत्ती घेतल्यापासून याला विनोद सुचायला लागलेत.

पाटीचा उपयोग पहिल्याच दिवशी झाला. प्रॉडक्शनचा प्रमुख आला. चांगला शिकलेला, अनुभवी माणूस, पण बोलायला लागला की नमनालाच घडाभर तेल. मनातल्या मनात मी त्याला दाढी म्हणते, कारण बोलण्यापेक्षा ती खाजवण्यातच त्याचा जास्त वेळ जातो.

“मॅडम, जरा सांगायचं होतं. ते खाद्याच्या पिशव्यांचं...”

पेशींना रोज जे दाट द्रावण पाजतात, त्याला आम्ही खाद्य म्हणतो. कोल्ड रूममध्ये पिशव्यांतून साठवलेलं असतं.

“काय उत्तर आहे?” मी विचारलं.

“उत्तर म्हणजे, अजून तसं नाही. पण मुलं म्हणत होती की...”

मी पाटीकडे बोट केलं. त्याने ती वाचली, दाढी खाजवली आणि गेला. बरं वाटलं. मुलं म्हणजे त्याच्या हाताखाली टाकीवर काम करणारी पोरंपोरी. ती काय म्हणतात ते ऐकत बसले तर संध्याकाळ इथेच व्हायची.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर कागद. माझ्या हाताला पेशींचं भांडं लागून महिने झाले. प्लँटमध्ये आत जायचं तर घरचे कपडे काढा, हात धुवा, एक झगा, त्यावर दुसरा झगा, टोपी, चष्मा, हातमोजे. एवढं नवरीसुद्धा नटत नाही. म्हणून आत गेलेली माणसं पाळी संपेपर्यंत बाहेर येत नाहीत आणि मी बाहेरची आत जात नाही.

जुन्या प्रयोगशाळेची फार आठवण येते. आम्ही तिघीच होतो. चारला खाद्याच्या बाटल्या थंड खोलीतून काढून टेबलावर ठेवायच्या आणि चहाला जायचं. चहा म्हणजे नुसता चहा नव्हे, सगळ्या कंपनीची उणीदुणी. आरामात परत यायचं, मग बाटल्या जोडायच्या. कुणी घड्याळ बघत नव्हतं आणि कधी एक पेशी रुसली नाही. इथे सगळं मिनिटाबरहुकूम, पिशवी कोल्ड रूममधून निघाली की थेट टाकीला, आणि तरी पेशी मरतात. शिस्त वाढली की बरकत जाते की काय कोण जाणे.

दुपारी हॉस्पिटलातून डॉक्टरांचा फोन. मुलांसाठीचा साठा कमी होत चाललाय, नवीन माल कधीपर्यंत येईल, खरं काय ते सांगा म्हणाले. मी म्हटलं, पुढची बॅच येतेच आहे, तोवर पुरवून वापरा. “म्हणजे दोन डोसांतलं अंतर वाढवू?” त्यांनी विचारलं. म्हटलं, ते तुम्ही ठरवा, पण थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. फोन ठेवला आणि मीटिंगला पळाले.

१२ जानेवारी, रविवार

ताईकडे जेवायला. खारूताई दारातच उभी होती. “मावशी, वर चल, गंमत दाखवते.” कठडा धरून, मध्ये एकदा दम खाऊन, पण चढली. वर तिच्या खोलीत पुठ्ठ्याचं शहर केलंय, त्यात एक प्लँटसुद्धा आहे. प्लँटच्या दारात एक बाहुली, कमरेवर हात ठेवून. “ही तू,” म्हणाली. बाहुलीच्या भुवया जरा जास्तच चढवल्यात.

ताईने विचारलं, कसं चाललंय. मी म्हटलं, छान. मोठ्या बहिणीला काय सांगायचं, की पेशी मरतायत? तिला रात्री झोप लागायची नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुसरी बॅच बुधवारी सुरू झाली. आजचा तिसरा दिवस, खाद्य सुरू झालं.

दाढी पुन्हा आला. या खेपेला पाटीकडे बघून आधीच म्हणाला, “उत्तर घेऊन आलोय.”

“बोला.”

“पिशव्या जोडायच्या आधी थोडा वेळ बाहेर ठेवून बघू का?”

 हे उत्तर? अहो, निर्जंतुक माल, कोल्ड रूमबाहेर अर्ध्या तासाच्या वर ठेवायला क्वालिटी विभागाची बंदी, आणि हा म्हणतो बाहेर ठेवू. मी कपाटातून एसओपी काढली, म्हणजे काम कसं करायचं ते पायरीपायरीने लिहिलेला कागद. तो मीच लिहिलाय. बोट ठेवून वाचून दाखवलं: खाद्य कोल्ड रूममधून काढावे व टाकीला जोडावे.

“यात कुठे लिहिलंय, बाहेर ठेवा म्हणून?”

“नाही लिहिलेलं.”

“मग लिहिलंय तसं करा. तुम्ही सगळे आपापलं डोकं चालवायला लागलात तर बॅच कशाने मेली ते मला सात जन्मांत कळणार नाही.”

तो म्हणाला, ठीक आहे मॅडम. ही माणसं एवढ्या लवकर ठीक आहे म्हणतात ना, त्याचाच मला राग येतो. एखाद्याने तरी भांडावं.

२० जानेवारी, सोमवार

मेली. सहाव्या दिवशी, पहिलीसारखीच. माझं डोकं चालत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

क्वालिटीच्या प्रमुख बाईंबरोबर दिवसभर चौकशी. मी हिला नाहीबाई म्हणते. बाई वाईट नाही, पण तोंडातून पहिला शब्द नाही असाच निघतो. पाणी तपासलं, हवा तपासली, टाकी धुतल्यावर साबण राहतो का तेही पाहिलं. सगळं ठीक. प्रत्येक माणसाला समोर बसवून विचारलं, लिहिलंय तसंच केलंस ना? प्रत्येकाचं एकच उत्तर, लिहिलंय तसंच केलं मॅडम. शेवटी मी ओरडले, मग पेशींनी काय आत्महत्या केली? सगळे बुटांकडे बघत बसले. सगळी सभ्य माणसं माझ्याच वाट्याला आलीत.

नाहीबाई बाहेर पडताना म्हणाली, “तुम्ही असं विचारलंत तर लोक असंच सांगणार.” मी विचारलं, असं म्हणजे कसं? तर म्हणाली, नाही, काही नाही. बोलायचं तर पुरतं बोलावं.

२७ जानेवारी, सोमवार

मोठे साहेब आले होते, म्हणजे कंपनीचे मालक. ‘अडचण नको, उत्तर हवं’ हे मूळचं त्यांचंच वाक्य, पाटीवाल्यांनी त्यांच्याकडूनच उचललं असावं. त्यांना मी सांगितलं की बारीकसारीक गोष्टी राहिल्यात, मूळ पद्धत भक्कम आहे. ते म्हणाले, आणखी एक बॅच. तीही गेली तर संचालक मंडळ हा प्रकल्प बंद करणार, टाकी विकायला काढणार.

तेवढ्यात दाढीने घसा साफ केला. “साहेब, आमच्या मुलांना असं वाटतं, की...” मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. दाबला म्हणजे चांगला दाबला. ‘असं वाटतं’ने सुरू होणारं वाक्य मालकासमोर बोलायचं नसतं, एवढं या वयात कळायला नको? त्याने पाय मागे घेतला आणि दाढी खाजवली. साहेब गेल्यावर मी त्याला म्हटलं, तुम्हाला वाचवलं मी आज. तो हसला, पण दाढीत हसला की रडला ते कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे. खारूताईचा पलंग खाली बैठकीत आणलाय. ताई म्हणाली, वरचा पंखा बिघडलाय. मी म्हटलं, मग दुरुस्त करून घे, माणूस पाठवू का? नको नको म्हणाली, बघू सावकाश. हिचं सगळं सावकाश. पुठ्ठ्याचं शहरही खाली आणलंय, पलंगाशेजारी.

खारूताई पडून चित्रं काढत होती. आज वर चल म्हणाली नाही. मोठी होतेय, मावशीचं कौतुक संपायचंच कधीतरी. निघताना उठलीसुद्धा नाही, आतूनच हात हलवला. नवरा येताना रस्ताभर गप्प होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, काही नाही, पाय दुखतायत.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिसरी बॅच सुरू. सगळ्यांना उभं करून भाषण केलं. लिहिलंय त्याच्या एक केसभर इकडेतिकडे होता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईचा फोन आला होता, मी घाईत होते. छान चाललंय, लवकरच माल येतोय म्हणून सांगितलं. ती काहीतरी बोलणार होती, पण मागून नाहीबाई सह्यांचे कागद घेऊन उभी राहिली. नंतर करते म्हटलं, ते राहूनच गेलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दाढीने राजीनामा दिला. बॅच चालू असताना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

मी पत्र टेबलावर आपटलं. “बुडतं जहाज सोडून चाललात?”

“दुसरीकडे ठरलंय. महिनाभर आहे मी इथे.” मग त्याने खुर्ची ओढली आणि मी न सांगता बसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. “आता सांगायला हरकत नाही. तुम्ही फार तर काढून टाकाल, ते मी आधीच केलंय. खाद्याच्या पिशवीच्या तळाशी पांढरं बसतं.”

“पांढरं म्हणजे?”

“खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं. पिशवी रिकामी होते, ते तळाशीच राहतं, आणि पिशवीबरोबर कचऱ्यात जातं. पहिल्या बॅचपासून.”

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“सगळ्यांना.”

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? हे विचारताना माझा आवाज किती चढला होता ते बाहेरच्या माणसांनी वळून पाहिलं त्यावरून कळलं. तो शांतपणे म्हणाला, “तीनदा आलो होतो. पहिल्यांदा तुम्ही पाटी दाखवलीत. दुसऱ्यांदा एसओपी. तिसऱ्यांदा...” आणि त्याने टेबलाखाली बघितलं.

मी त्याला जा म्हटलं. तो गेल्यावर बराच वेळ नुसती चिडून बसले होते. त्याच्यावर, मुलांवर, नाहीबाईवर. सगळ्यांना माहीत आणि मला नाही? माझ्याच प्लँटमध्ये? तो सांगतोय ते खरं असेल असंही पूर्ण पटत नाही. उद्या स्वतः आत जाऊन बघते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळे झगे चढवून आत गेले. मला बघून मुलं भिंतीला टेकली. पिशवी नुकतीच कोल्ड रूममधून आणून लटकवली होती. मी खाली वाकून तळाला बॅटरी लावली. पांढरा थर, चांगला करंगळीएवढा जाड.

मी पिशवीचा तळ दोन्ही हातांत धरला. नुसती धरून उभी राहिले, कारण दुसरं काही सुचेना. हातमोज्यांतून गारवा आत येत होता. हळूहळू माझ्या हातांच्या उबेने तो थर कडेकडेने विरघळायला लागला. आणि मला आमची चहाची वेळ आठवली.

आम्ही बाटल्या टेबलावर ठेवून चहाला जायचो. उणीदुणी काढून परत येईपर्यंत बाटल्या कोमट व्हायच्या आणि जे काही गोठून तळाशी बसलेलं असायचं ते विरघळून जायचं. आम्ही कधी ते पाहिलंच नाही, कारण बघायला तिथे कुणी नसायचंच. एसओपी लिहिताना मी एकेक हालचाल लिहिली. बाटली कुठल्या हाताने धरायची तेसुद्धा लिहिलं. चहा लिहिला नाही. चहा कोण लिहितं? पेशींना लागणारा एक घटक त्या थरात होता, तो इथे रोज कचऱ्यात गेला, आणि अंगात साठवलेलं संपलं की सहाव्या दिवशी त्या उपाशी मेल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बरं, कळसा काखेत आहे म्हणून दाढी मला सांगत होता, तर त्याचं तोंड मीच बंद केलं.

चष्म्याच्या आत पाणी आलं. त्या झग्यात डोळेही पुसता येत नाहीत.

बाहेर येऊन नाहीबाईला सांगितलं, की उरलेल्या दिवसांत पिशव्या कोमट करून, हलवून जोडायच्या. ती म्हणाली, “नाही. म्हणजे करता येईल, पण मध्येच बदल केला तर ही बॅच परवानगीसाठी धरता येणार नाही. यातलं औषध मुलांनाही देता येणार नाही. पद्धत नव्याने लिहून पुन्हा पहिल्यापासून तीन बॅच.”

“आणि बदल नाही केला तर?”

“तर उद्या मरेल.”

मी म्हटलं, करा बदल. तिने सही केली आणि पेनाचं टोपण लावत म्हणाली, “तो थर मी डिसेंबरात पाहिला होता. लिहूनही ठेवलं होतं मोघम. तुमच्या एसओपीत चूक आहे असं तुम्हाला कोण सांगणार, यावरून आमचं अडलं होतं.” मला तिचा इतका राग आला, की मी पाणी प्यायले आणि काहीच बोलले नाही. हा या महिन्यातला माझा पहिला शहाणपणा.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल सहावा दिवस होता. पेशी जिवंत. आज सकाळीही जिवंत, नुसत्या जिवंत नाहीत, वाढतायत. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, गोल, चकचकीत, भरलेल्या. मला नाचावंसं वाटलं. ताईला फोनही न करता थेट तिच्या घरी गेले. पहिल्यांदाच छान म्हणताना खोटं बोलावं लागणार नव्हतं.

दार उघडंच होतं. खारूताई जिन्यावर होती. बसून चढत होती. हात मागच्या पायरीवर टेकायचे, अंग वर ओढायचं, मग पाय हातांनी उचलून घ्यायचे. दोन पायऱ्या झाल्या होत्या. मला बघून तिने झग्याने पाय झाकले, चोरी पकडली गेल्यासारखे. “आईला सांगू नको. मला फक्त रंग आणायचे होते वरून.”

पंखा बिघडलेला नव्हता. मी तिला उचलून पलंगावर ठेवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ताईला विचारलं, कधीपासून?

“डोस पंधरा दिवसांनी मिळायला लागला तेव्हापासून. आधी दर आठवड्याला होता ना.”

“मला सांगितलं नाहीस.”

“कधी सांगू? फोन केला की तूच बोलतेस. छान चाललंय म्हणतेस नि ठेवतेस. काही विचारलं की खेकसतेस.” ती ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती. “आणि डॉक्टर म्हणाले, कंपनीतूनच सांगितलंय, पुरवून वापरा. मी विचारलं कंपनीतून कोणी, तर तुझंच नाव आलं. मग तुला काय सांगायचं होतं? तुझ्यामुळे तुझ्याच भाचीची...”

 मला भांडता आलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, पलंग खाली आला त्याच दिवशी दिसलं होतं.

“मग बोलला का नाहीस?”

“माझ्याकडे उत्तर नव्हतं,” तो म्हणाला. यात विनोद नव्हता. त्याचा चेहरा मी नीट बघितला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या साहेबांना फोन करून सरळ सांगितलं. बॅच जगली, पण धरता येणार नाही. पुन्हा तीन कराव्या लागतील, वर्षाअखेरीच्या आत औषध येणार नाही. चूक माझ्या एसओपीत होती.

ते म्हणाले, “तुम्ही तर म्हणाला होतात बारीकसारीक राहिलंय.”

“तुम्हाला जे ऐकायचं होतं ते मी म्हणाले.”

 मग म्हणाले, मंडळापुढे ठेवतो, माझ्याकडून शब्द नाही. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मला रागवायला कारण तरी मिळालं असतं.

मग डॉक्टरांना. खरी तारीख सांगितली. ते काहीतरी हिशेब करत असावेत. म्हणाले, “हे जानेवारीत कळलं असतं, तर मी साठा असा सगळ्यांत ताणून वाटला नसता. ज्या मुलांचं नुकतंच सुधारत होतं त्यांचे डोस पूर्ण ठेवले असते. अर्धवट दिल्याने कुणालाच पुरलं नाही.”

“ज्यांचं सुधारत होतं, त्यांत आमची होती?”

“ते आता कशाला विचारता,” डॉक्टर म्हणाले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पाटी काढली. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिलाय, पाटीपेक्षा तोच जास्त डोळ्यांत भरतो.

दाढीला बोलावून विचारलं, राजीनामा मागे घ्याल का? नाही म्हणाला. नव्या ठिकाणी शब्द दिलाय. पण जाण्याआधी नवी एसओपी मुलांबरोबर बसून लिहून देतो म्हणाला. दुपारी त्याच मुलांपैकी एक मुलगी केबिनच्या दारात उभी राहिली. एक सांगायचं होतं मॅडम, टाकीचा तापमापक खऱ्यापेक्षा जरा जास्त दाखवतो, कधीपासूनचा. कधीपासूनचा? माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जीभ दाताखाली धरली आणि म्हटलं, बस. तिने बसण्याआधी खुर्चीकडे असं बघितलं, की ती मोडकी आहे की काय. मग इतकं बोलली की माझी एक मीटिंग बुडाली. सगळं ऐकलं. माझ्या स्वभावाला हे पेलवेल असं वाटत नाही, सांगून ठेवते.

२३ फेब्रुवारी, रविवार

मंडळाने कुरकुरत होकार दिला. पुन्हा तीन बॅच. काल पत्र आलं.

ताईकडे गेले. ताई दार उघडून आत निघून गेली, पण चहा दोघींचा ठेवला. खारूताई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून पुठ्ठ्याला रंग देत होती. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, तुला सांगायचंय. औषध आता थोडेच दिवस पुरेल. मग मध्ये खंड पडेल. मावशीकडून चूक झाली, एक गोष्ट लिहायची राहिली, आणि दुसरे सांगत होते ते मी ऐकलं नाही.

तिने ब्रश पाण्यात बुडवला. “म्हणजे माझे पाय अजून खराब होणार?”

“होऊ शकतील.”

“मग नवीन कधी येणार?”

लवकरच, हे माझ्या तोंडात तयार होतं. रोज इतक्या वेळा वापरते, की आपोआप येतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, “या वर्षात नाही. नक्की कधी, ते मला माहीत नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नवल वाटल्यासारखं. मग रंगाची डबी उचलून मांडीवर घेतली, पायरीवर एका बाजूला सरकली आणि मला बसायला जागा करून दिली.